मी, माझी गाडी आणि उशी

माझी उंची पाच फूट एक इंच आहे. ह्यातला शेवटचा इंच मी आजवर कोणालाही सोडलेला नाही. बँकेत नोकरीला लागताना वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा डॉक्टरांनी मला भिंतीशी उभे करून "पाच फूट" असे कारकुनाला सांगितले. तो लिहू लागला, तोच मी अत्यंत नम्रपणे पण ठामपणे "आणि एक इंच" असे म्हणालो. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पुन्हा पट्टी लावली आणि माझा इंच मला परत मिळाला. उंचापुऱ्या माणसाला एका इंचाची किंमत कळायची नाही. सावकाराला चवलीची कळत नाही तशी.

जगातल्या बहुतेक वस्तू साडेपाच फुटांचा मनुष्य डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात, हे मला फार लवकर कळले. लोकलमधल्या कड्या, स्वयंपाकघरातली वरची फळी, एस.टी.मधले सामान ठेवण्याचे फडताळ, सभागृहातली माझ्या पुढची खुर्ची आणि तिच्यात बसलेला गृहस्थ. लोकलमध्ये मी कडी धरून उभा असलो, की मी उभा आहे की लोंबकळतो आहे हे शेजारच्यांना नक्की सांगता येत नसे. पण हे सगळे मी हसत सोसले. सोसली नाही ती एकच गोष्ट : न्हाव्याची फळी.

लहान मुलांचे केस कापताना खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकून तिच्यावर मुलाला बसवतात, हे तुम्ही पाहिले असेलच. माझ्याबरोबरची मुले सातवी-आठवीत त्या फळीवरून खाली उतरली. मी मॅट्रिकचा फॉर्म भरला त्या महिन्यातही तिच्यावरच बसलो होतो. न्हावी बिचारा काही बोलत नसे. तो कोपऱ्यातून फळी उचली, फडक्याने पुशी आणि खाडकन खुर्चीवर टाकी. तो लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे. त्या दिवशी बाकावर आमच्याच वर्गातला एक थोराड मुलगा दाढी करवून घेण्यासाठी थांबला होता. फळीवरून आरशात मला त्याचे हसू दिसले, आणि मी मनोमन प्रतिज्ञा केली की ह्यापुढे बुडाखाली काहीही घेऊन उंच व्हायचे नाही.

ही प्रतिज्ञा मी जवळजवळ अर्धे शतक पाळली. लग्नात बोहल्यावर माझ्या बाजूला एकावर एक दोन पाट होते हे खरे आहे. आमची ही माझ्याहून चार बोटे उंच. तेव्हा मामांनी कोणाला न विचारता ती व्यवस्था केली होती. पण पाटावर मी उभा होतो, बसलो नव्हतो. म्हणून प्रतिज्ञा मोडली असे मी मानीत नाही.

गाडी मी शिकलो ती वडिलांच्या जुन्या फियाटवर. पुढे प्रीमियर पद्मिनी ह्या नावाने जी गाडी घरोघर झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून २०२३ सालापर्यंत रस्त्यावर दिसत राहिली, तीच ही. आमच्या गाडीला पुढे सलग बाक होता. तो सरकवला की ड्रायव्हर आणि शेजारचा अशा दोघांसाठीही सरके. मी चालवायला बसलो की बाक पार पुढे येई आणि शिकवायला बसलेल्या वडिलांचे गुडघे त्यांच्या हनुवटीला लागत. त्यांनी मला एका महिन्यात गाडी शिकवली. त्यामागे माझ्या बुद्धीपेक्षा त्यांच्या गुडघ्यांचा वाटा मोठा असावा. पण त्या गाडीचे नाक लहान, काचा मोठ्या. मी तीत आरामात बसे आणि मला रस्ता दिसे. उंचीचा आणि गाडी चालवण्याचा काही संबंध असतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

सेवानिवृत्त झालो आणि २०१९ च्या दसऱ्याला मी गाडी घेतली. छोटी नव्हे, सात जण बसतील अशी, बैलासारख्या छातीची, फुटपायरीवर पाय दिल्याशिवाय आत चढता येऊ नये अशी. मुलगी, जावई, नातवंडे, हिची आई अशी सगळी यादी मी विकणाऱ्याला ऐकवली. पण खरे कारण मला माहीत होते आणि हिलाही. उंच माणसे लहान गाडीत अंग चोरून बसतात. आम्हां ठेंगण्यांना मात्र हत्तीच लागतो.

हत्तीवर बसलो खरा, पण मला हत्ती दिसेना. समोरची काच होती, तिच्या खाली मोठा थोरला डॅशबोर्ड, त्याच्या अलीकडे चाक. मी पाहत असे ते चाकाची वरची कड आणि डॅशबोर्ड ह्यांच्यामधल्या फटीतून. दाराच्या फटीतून पाहुणे कोण आले ते पाहावे तसे. बोनेट कोठे संपते हा माझ्यासाठी श्रद्धेचा विषय होता. क्लच दाबायला चवडा पुरत नसे. मग मी खुर्चीच्या कडेपर्यंत घसरत जाई, पाठ टेकणे सोडून देई आणि चाकाला असा धरून बसे की जणू ते सोडले तर मी विहिरीत पडेन. शहरातल्या शहरात तासभर चालवले की डावा गुडघा रात्रभर ठणके. ह्या अडचणीवर मी उपाय केला तो असा : टाचा उंच असलेले बूट घेतले.

"अहो, एक उशी घ्या ना खाली," ही म्हणाली.

"उशी डोक्याखाली घेतात," मी म्हणालो.

मुलीने सांगून पाहिले, जावयाने आडून आडून सुचवले. चौकातल्या पोलिसाने एकदा गाडी थांबवली आणि काचेजवळ येऊन, "बरं झालं, आहे कोणीतरी आत," असे म्हणून सोडून दिले. मी हसलो. फळीचा तो खाडकन आवाज मात्र त्या रात्री पुन्हा ऐकू आला.

अशी तीन वर्षे गेली. पैकी दीड-दोन वर्षे तर रोगराईमुळे गाडी उभीच होती. मग २०२२ ची दिवाळी आली.

आमच्या इमारतीच्या आवारात मुले दर वर्षी किल्ला करतात. दगड, विटा, माती, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखल, चिखलावर अळीव. शिखरावर सिंहासनाधिष्ठित महाराज, खाली मावळे, आणि का कोण जाणे, एक प्लॅस्टिकचा जिराफही. त्या वर्षी किल्ला नेमका माझ्या गाडीच्या जागेच्या समोर होता. वसुबारसेच्या संध्याकाळी मला चकलीची भाजणी आणायला पाठवले होते. मी खाली आलो, गाडीत चढलो आणि किल्ली फिरवली. पुढे कोणी दिसले नाही. मागचे सांगायला गाडीत यंत्र होतेच. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना मागची अडचण ओळखून ओरडणारे सेन्सर सक्तीचे झाले, आणि माझ्या गाडीचे यंत्र तर कुंडी आली तरी आकांत करी. पुढच्या बाजूला मात्र माझे दोन डोळेच काय ते होते.

मी क्लच चवड्याने कसाबसा दाबून पहिला गिअर टाकला, आणि वरच्या गॅलरीतून हिची हाक आली. "अहो, थांबा!" पस्तीस वर्षांच्या संसारात तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी ब्रेकवर पाय मारला. पण खुर्चीच्या कडेवर बसलेला मनुष्य दोन्ही पाय एकदम नीट मारू शकत नाही. क्लच निसटला, गाडीने वीतभर उडी मारली आणि बंद पडली.

मी खाली उतरून पुढे गेलो. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडातला चार वर्षांचा मुलगा गाडी आणि किल्ला ह्यांच्यामध्ये उकिडवा बसला होता. त्याचे डोके आणि माझ्या गाडीचे नाक ह्यांच्यात माझा हात जेमतेम मावला असता. त्याच्या मुठीत एक मातीचा मावळा होता. गाडीचा एक कोपरा तटाला लागून माती ढासळली होती. त्याने ती पाहिली, मग मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला,

"आजोबा, तुम्ही बुरूज पाडला."

त्याच्या आईला मी स्वतः जाऊन सांगितले. तिने काही न बोलता मुलाला उचलले, घरात नेले आणि दार लावून घेतले. दार आपटले असते तर बरे वाटले असते. तिने ते अगदी हळू लावले.

मी गाडीची किल्ली हिच्या हातात दिली. त्या दिवाळीत भाऊबीजेला ही गाडी चालवत होती आणि मी शेजारी बसलो होतो. ही चालवते उत्तम. पण ती बसली की तिला बोनेटचा टोकाचा काठ दिसतो आणि तो ती "हा काय, दिसतोय की" अशा आवाजात सांगते. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. ह्या वयात गाडी सोडली तर काय बिघडले, असे मी मनाला सांगत होतो. मन ऐकत नव्हते. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या मुलाच्या जागी काय झाले असते हे सांगायला ते रोज पहाटे मला उठवत होते.

समोरच्या चाळीत आबा राहतात. एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. उंचीने माझ्याहून दोन-अडीच बोटेच काय ते जास्त. एस.टी.त चालकाला उंचीची अट असते. तिच्यात आपण केसाच्या अंतराने कसे बसलो, ही कथा ते आनंदाने सांगतात. असा हा मनुष्य तीस वर्षे घाटांतून बसगाड्या चालवत होता, आणि तेही पॉवर स्टिअरिंग नसलेल्या दिवसांपासून. तेव्हा वळणावर चाक ओढताना बूड उचलून अंगाचा भार टाकावा लागे, असे ते सांगतात. बुरुजाची हकीगत चाळीपर्यंत पोचली होतीच. कार्तिकातल्या एका रविवारी सकाळी ते आले आणि म्हणाले, "चला सायेब. बसा गाडीत. मला बघू द्या तुम्ही बसता कसं."

मी बसलो. त्यांनी दार उघडे ठेवून, कमरेवर हात देऊन मला एखादे वाकडे लागलेले दार पाहावे तसे पाहिले.

"हे बसणं न्हाय," ते म्हणाले. "हे लटकणं झालं."

मग त्यांनी हिच्याकडून एक बादली मागवली. ती दोन विटांवर पालथी घातली. "उकिडवं बसलेलं पोर एवढंच असतं," ते म्हणाले, आणि कोणी काही बोलले नाही. गाडी बंद, किल्ली आबांच्या खिशात. ही बादली गाडीच्या नाकापासून एकेक पाऊल मागे नेऊ लागली. मला बादली दिसली की "दिसली" म्हणायचे. मी गळा ताणून बसलो होतो. ही किल्ल्याच्या उरलेल्या मातीपर्यंत गेली, ती ओलांडून गेली, तरी मला नुसती हीच दिसत होती. अखेर बादलीचे लाल बूड दिसले. आबांनी टेप लावली. तेरा फूट. तेरा फुटांत आमच्या इमारतीतली सगळी पोरे आणि दोन किल्ले मावतात.

गाडी चालवण्याचा परवाना काढताना मला अर्जात विचारले होते, की पंचवीस मीटरवरची मोटारीची नंबरपाटी वाचता येते का. येते, आजही येते. दहा फुटांवरची बादली दिसते का, असे मला कोणी विचारले नव्हते. खाजगी मोटारीला उंचीची अट नाही आणि ती नसावीच. हैदराबादचे गट्टिपल्ली शिवपाल ह्यांची उंची अवघी तीन फुटांच्या आसपास; त्यांनी गाडीत हवे ते फेरफार करून घेतले, रीतसर शिकले आणि परवाना मिळवला. ती बातमी मुलीने मला २०२१ साली दाखवली होती. मी ती कौतुकाने वाचली होती आणि फेरफाराची गोष्ट सोयीस्करपणे विसरलो होतो. तीन फुटांच्या माणसाने गाडी आपल्या मापाची करून घेतली. मी पाच फूट एक इंचाचा मनुष्य, माझे माप गाडीला सांगायला लाजत होतो.

आबांनी पहिल्यांदा खुर्चीच्या बगलेतला एक दांडा वर-खाली केला. खुर्ची वर आली! ह्या दांड्याला तीन वर्षे मी पाठ मागे पाडण्याचा मोडका दांडा समजत होतो. गाडीबरोबर माहितीचे पुस्तक आले होते. ते मी पूजेच्या वेळी उघडले होते आणि त्यात थोडे कुंकूही सांडले होते, पण वाचले मात्र नव्हते. खुर्ची जेवढी वर येते तेवढी आणल्यावरही थोडे कमी पडत होते.

"आता उशी," आबा म्हणाले.

मी काही बोललो नाही. ही घरातून सोफ्याची मऊ उशी घेऊन आली. आबांनी ती हाताने दाबली आणि परत दिली. "वहिनी, ही झोपायला. ब्रेक मारला की हिच्यावरनं सायेब पट्ट्याखालून घसरत जातील." मऊ उशी वजनाने दबते आणि धक्क्याच्या वेळी माणूस पुढे सरकून पट्ट्याचा कमरेचा भाग पोटावर चढतो, तो राहायला हवा कमरेच्या हाडांवर. म्हणून उशी घट्ट हवी, न निसटणारी हवी. आम्ही गादीवाल्याकडून काथ्या ठोकून भरलेली करून घेतली : मागे दोन इंच, पुढे उतरत उतरत अर्धा इंच, म्हणजे मांडीखाली कड रुतत नाही आणि पाय पेडलपर्यंत मोकळे पोचतात. वर खरखरीत जाड कापड आणि खुर्चीला बांधायला बंद. गादीवाल्याने कोणासाठी म्हणून विचारले, तेव्हा मी "माझ्यासाठी" असे म्हणालो. पहिल्यांदाच म्हणालो, आणि आभाळ कोसळले नाही.

उंच बसले की एक नवी अडचण येते, ती मला ठाऊक नव्हती. बूड वर गेले की पायही वर जातात. पेडल आणखी लांब. मग खुर्ची पुढे ओढायची. पुढे ओढावी तर छाती चाकाला भिडते, आणि चाकाच्या पोटात ती एअरबॅग बसलेली असते. ती पापणी लवायच्या आत उघडते, आणि उघडते ती मायेने नव्हे. तिच्यात आणि छातीच्या हाडात निदान दहा इंच अंतर असावे, असे जाणकार सांगतात. आखूड पायांच्या माणसाचा सगळा प्रश्न ह्या दोन टोकांत आहे : पाय पोचावेत इतके जवळ, छाती वाचावी इतके लांब. मी जुन्या पद्धतीने बसत होतो तेव्हा माझ्यात आणि चाकात एक वीतही नव्हती. म्हणजे मी तीन वर्षे दुसऱ्याच्या मुलाला आणि स्वतःला एकाच वेळी जोखमीत घालून हिंडत होतो.

आबांनी पाठीचा भाग किंचित मागे कलवला, एवढाच की छाती लांब जावी पण पाठ टेकलेली राहावी. चाक खाली घेतले. ते खाली घेतल्यावर त्याच्या वरून रस्ता दिसू लागला, आणि एअरबॅगचे तोंड माझ्या तोंडावरून छातीकडे वळले. मग इंजिन बंद ठेवून क्लच तळापर्यंत दाबायला लावला. "गुडघा सरळ झाला?" नाही, थोडा वाकलेलाच राहिला. "पाठ सुटली?" नाही. "ब्रेक दाबा, सगळ्या जोरानं." दाबला. टाच जमिनीवरच. "हां. आता बसलात."

टाचेवरून आठवले. बूट त्यांनी आधीच काढायला लावले होते. जाड तळव्याला पेडल किती दबले ते कळत नाही आणि उंच टाच ऐन वेळी अडकते. "उंची डोळ्याला लागते सायेब, पायाला न्हाय," असे म्हणून त्यांनी ते बूट हिच्या हवाली केले. ते नंतर मला घरात दिसले नाहीत. भांडेवालीला गेले असावेत.

पट्ट्याचे वरचे टोक खांबावर खाली सरकते, हेही मला त्या दिवशी कळले. इतके दिवस पट्टा माझ्या मानेला कापत असे, आणि मी तो पुष्कळदा काखेखालून घेत असे. तसे घेणे म्हणजे न लावल्यासारखेच, किंबहुना वाईट. बरगड्या त्याच्यावर आपटतात. आता तो गळपट्टीच्या हाडावरून नीट जातो. आरसे सगळ्यांत शेवटी. बसण्याची जागा हलली की आरशात दिसणारे जग हलते, म्हणून आधी लावलेले आरसे खोटे. डावा आरसा आबांनी थोडा खाली केला. मोठ्या गाडीचे मागचे चाक वळताना पुढच्या चाकाच्या मागोमाग येत नाही, आतून कापत येते, आणि फुटपाथची कड व सायकलवाला तिथेच असतात. वळण घ्यायचे असेल तर आधी थोडे सरळ जायचे, मग चाक फिरवायचे. हा धडा मी दोन रविवार मोकळ्या मैदानात गिरवला. शक्ती कोठेच लागली नाही. आजकालच्या गाडीचे चाक दोन बोटांनी फिरते; मोठी गाडी चालवायला धिप्पाड माणूस लागतो, ही समजूत जुन्या बसगाड्यांबरोबर गेली.

पुन्हा बादली आली. ह्या खेपेला ती आठ फुटांवर दिसली. मी खूश होऊन आबांकडे पाहिले. ते खूश नव्हते.

"पाच फूट कमी झाले. पण आठाचं शून्य उशीनं होत न्हाय. उंच माणसालासुद्धा होत न्हाय." त्यांनी आमच्या हिला बसवून पाहिले. तिलाही बादली पाच-सहा फुटांपर्यंत दिसत नव्हती. ही एकदम गप्प झाली. "म्हणून चढायच्या आधी प्रदक्षिणा. मी बस डेपोतनं काढताना तीस वर्षं घातली. लोक म्हणायचे, आबा देवभक्त आहे. म्हटलं, असू द्या."

आता आम्ही दोघेही गाडी चालवतो, आणि त्यामुळे खुर्ची दिवसातून चार वेळा हलते. पहिले काही दिवस मी बसलो की ती लांब असे आणि ही बसली की तिचे गुडघे चाकाला लागत; त्यावरून बोलाचालीही झाली. मग हिने खुर्चीच्या पट्टीवर नखांच्या रंगाचे दोन ठिपके दिले. गुलाबी माझा, लाल तिचा. का ते विचारले, तर म्हणाली, "गुलाबी उरला होता." उशी मात्र माझी एकट्याची. ती मी काढून मागच्या बाकावर ठेवतो आणि पाहुण्यांना बसायला देत नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी गाडी घेऊन खंबाटकीचा घाट चढलो. हिची आई, मुलगी आणि नातवंडे मागे. घाटात मला दरीकडची कड दिसत होती, पुढच्या ट्रकची मागची फळी दिसत होती आणि तिच्यावर लिहिलेले सगळे शहाणपणही. वर पोचल्यावर गुडघा ठणकत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आज तुम्ही उंच दिसता हो." मी सांगितले, "उशी आहे."

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मुलांनी किल्ला कोठे करावा ह्याची आवारात सभा भरली. मी माझी गाडी दुसरीकडे लावून जागा मोकळी करून देतो म्हणालो. किल्ली घेऊन खाली आलो आणि गाडीभोवती फिरू लागलो, तर मागून कोणीतरी चालत असल्याचे जाणवले. तळमजल्यावरचा तोच मुलगा, आता पाच वर्षांचा, माझ्यामागून गंभीरपणे प्रदक्षिणा घालीत होता. त्याची आई पायरीवर उभी होती. तिने त्याला बोलावले नाही.

"आजोबा, मी मागच्या वर्षी कुठे बसलो होतो?"

मी त्याला जागा दाखवली. तो लगेच तेथे उकिडवा बसला आणि म्हणाला, "आता तुम्ही आत बसून बघा, मी दिसतो का."

मी त्याच्या आईकडे पाहिले. मग पायरी उतरून गेलो आणि गाडीची किल्ली तिच्या हातात दिली. मगच आत चढून उशीवर बसलो, पाठ टेकली, आणि समोर पाहिले. बोनेटची कड स्वच्छ दिसत होती. तिच्या पलीकडे आवार, तुळशीचे वृंदावन, पायरीवर ती किल्ली घेऊन उभी असलेली त्याची आई. तो नव्हता.

"दिसलो?" कोठून तरी आवाज आला.

"नाही रे."

थोडा वेळ गेला. मग बोनेटच्या कडेवर दोन मातकट बोटे उगवली, आणि त्यांच्यामध्ये धरलेला एक मावळा.

"आता?"

"मावळा दिसला."

"थांबा मग," तो म्हणाला, "मी उभा राहतो."